सिस्टरला कोण विचारतं?

मागच्या भागात आपण जखमी जवानाचा प्रवास पाहिला. बंकरपासून स्ट्रेचर, स्ट्रेचरवरून रेजिमेंटल एड पोस्ट, तिथून अँब्युलन्स किंवा हेलिकॉप्टर आणि शेवटी मिलिटरी हॉस्पिटलचं दार. त्या दारापाशी मी थांबलो होतो. खरं सांगायचं तर युद्धाचा इतिहास सांगणारे आम्ही फौजी बहुतेक तिथेच थांबतो. जवान हॉस्पिटलात पोचला की आमच्या हिशेबी तो एक तर 'बरा होऊन परतला' असतो, नाही तर 'उपचारांदरम्यान वीरगतीस प्राप्त' असतो. या दोन रकान्यांच्या मधे ज्या रात्री असतात, त्या कुणाच्या तरी ड्यूटीवर उलटतात. आज त्या ड्यूटीबद्दल बोलायचं आहे.

नव्वदच्या दशकात काश्मीर खोऱ्यात मांडीत गोळी घुसल्यामुळे मी काही आठवडे हॉस्पिटलात होतो. पहिले चार दिवस आयसीयूत. तिथे रँक नसते, फक्त बेड नंबर असतो. माझ्या शेजारी एक डोगरा पोरगा होता, एकवीस-बावीसचा, पोटात जखम. डीआय लिस्टवर होता, म्हणजे प्रकृती चिंताजनक, घरी तार गेलेली. रात्रपाळीला केरळची एक तरुण कॅप्टन होती, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसची. तो पोरगा दर थोड्या वेळानं विचारायचा, आई आली का? ती प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे सांगायची, गाडीत बसली आहे, पठाणकोट सोडलं, आता जम्मूला पोचेल. हे सगळं ती मनानंच रचत होती, हे मलाही कळत होतं. पावणेचारला तो गेला. तिनं डॉक्टरांना बोलावलं, नोंद केली, त्याचे डोळे मिटले, अंग पुसलं, चादर बदलली. पाच वाजता थर्मामीटर घेऊन माझ्याकडे आली आणि हसून म्हणाली, "गुड मॉर्निंग सर, झोप लागली का?"

मला त्या हसण्याचा राग आला. मनात म्हटलं, या बाईला काहीच कसं वाटत नाही?

सहाच्या सुमारास तिची सीनियर आली, मेजर. वेळेच्या तासभर आधीच आली होती. तिनं पोरीच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि सगळ्यांदेखत हुकूम सोडला, "स्टोअरमध्ये जा आणि लिनन मोजून ये. मी बघते इथलं." लिनन आदल्या संध्याकाळीच मोजलं गेलं होतं, माझ्यासमोर, चादरी आणि उशांचे अभ्रे आकड्यांसकट. पोरगी वीस मिनिटांनी परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मेजरबाईंनी विचारलं, "किती?" ती म्हणाली, "बरोबर आहेत, मॅडम."

एवढंच. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्याचा अर्थ लागायला वीस वर्षं आणि माझी स्वतःची एक चूक मधे जावी लागली. त्या चुकीकडे शेवटी येतो. आधी इतिहास.

नर्स म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हातात दिवा घेतलेली फ्लॉरेन्स नाइटिंगेल येते. 1854 च्या नोव्हेंबरात ती 38 जणींची तुकडी घेऊन क्रिमियाच्या युद्धासाठी तुर्कस्तानातल्या स्कुटारीला पोचली. त्या दिव्यानं एक घोटाळा करून ठेवला आहे. बाई मुळात आकड्यांची होती. हिंदुस्थानात ती कधीच आली नाही, पण इथल्या गोऱ्या फौजेच्या आरोग्यासाठी नेमलेल्या रॉयल कमिशनच्या मागे तिचंच डोकं होतं. 1863 च्या त्या अहवालात म्हटलं आहे की इथे दर हजार गोऱ्या सैनिकांमागे वर्षाला 69 मरतात, आणि तेही लढाईत नव्हे, तर घाणेरडं पाणी, तुंबलेली गटारं आणि कोंदट बराकींमुळे. ही आकडेवाली नाइटिंगेल लोकांच्या लक्षात राहिली नाही. लक्षात राहिली ती दिवेवाली. मग नर्स म्हणजे मायेची मूर्ती असं ठरून गेलं. माया ही काही नोकरी नव्हे, ती जन्मजात असते. आणि जी गोष्ट जन्मजात मिळते तिच्यासाठी कुणी पगार ठरवत नाही, रजा देत नाही. आज आपण ज्याला भावनिक श्रम म्हणतो, त्याची वजाबाकी अशी तिथूनच सुरू झाली. हा शब्दप्रयोग रूढ झाला तो 1983 साली, आर्ली होचशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंच्या पुस्तकामुळे. तेही नर्सवर नव्हतं, विमानातल्या हवाईसुंदरींवर होतं. प्रवाशाला हसून चहा द्यायचा, तर ते हसू कामाचाच भाग असतं आणि ते आणायला मेहनत पडते, असं त्यांनी मांडलं. पुढे 1992 मध्ये पॅम स्मिथ यांनी हाच धागा ब्रिटनमधल्या शिकाऊ नर्सपर्यंत नेला.

आता आपल्या देशात येऊ. 1888 साली दहा प्रशिक्षित इंग्रज नर्स मुंबई बंदरात उतरल्या. त्यांची प्रमुख होती कॅथरीन लॉक. काही जणी रावळपिंडीला गेल्या, काही बंगलोरला. आजच्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचं मूळ हेच. या दहा जणी यायच्या आधीची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि नर्सिंगच्या इतिहासात ती सहसा एका ओळीत आटोपतात.

तेव्हाचे सरसेनापती होते फ्रेडरिक रॉबर्ट्स, अफगाण युद्धातले, कंदाहारवाले. हिंदुस्थानातल्या लष्करी इस्पितळांत शिकलेल्या नर्स आणाव्यात, हा ध्यास त्यांच्या पत्नीनं, नोरा रॉबर्ट्स यांनी घेतला होता. सरकारनं मान्यता दिली, पगाराची सोय केली. पण लेडी रॉबर्ट्स यांचं म्हणणं असं की एवढ्यावर भागणार नाही. मैदानातल्या उन्हाळ्यात, पटकी आणि विषमज्वराच्या वॉर्डांत या बायका राबणार. तर त्यांना थकल्यावर, आजारी पडल्यावर जायला डोंगरात घर हवं. ही मागणी सरकारी हिशेबात बसेना. नर्स मंजूर, नर्सचा विसावा नामंजूर! तेव्हा लेडी रॉबर्ट्स यांनी फौजेलाच हाक दिली आणि पलटणींनी, तोफखान्याच्या बॅटऱ्यांनी वर्गणी काढली. मरीला आणि कसौलीला अशी घरं उभी राहिली. त्यांना 'होम्स इन द हिल्स' म्हणत.

यातलं जे शहाणपण आहे ते पाहा. काळ 1880 च्या दशकातला. मानसशास्त्र हा शब्दही फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. तरी एका बाईला कळलं होतं की जो दुसऱ्याचं दुखणं सांभाळतो त्याला आपलं दुखणं ठेवायला जागा लागते. आणि यातली मेख अशी की ती जागा सरकारनं दिली नाही. ती वर्गणीतून उभी राहिली, म्हणजे उपकाराच्या खात्यावर पडली. तेव्हापासून आजतागायत नर्सच्या मनाचा आधार बहुतेक त्याच खात्यावर चालतो, असं माझं मत आहे. कुणी तरी भली सीनियर भेटली तर मिळतो, नाही भेटली तर नाही.

हेही विसरू नका की त्या दहा जणी गोऱ्या शिपायांसाठी होत्या. हिंदी शिपायाच्या वाट्याला तेव्हा प्रशिक्षित नर्स नव्हती. हिंदी पलटणींसाठी कायमस्वरूपी नर्सिंग सेवा उभी राहिली ती 1926 मध्ये. मधल्या काळात तो शिपाई फ्रान्सच्या चिखलात आणि मेसोपोटेमियाच्या वाळवंटात मरून आला होता.

मुलकी इस्पितळांचं चित्र निराळं नव्हतं. नर्सिंगच्या इतिहासाच्या पुस्तकांत प्रशिक्षणाला आलेली पहिली भारतीय नर्स म्हणून 1891 च्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव येतं. नावावरून आपल्याकडच्याच वाटतात. त्या काळात परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणं, बेडपॅन उचलणं, रात्री घराबाहेर राहणं यांतली एकेक गोष्ट बाईला बिरादरीतून उठवायला पुरेशी होती. त्यामुळे या पेशात प्रथम आल्या त्या अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती मुली, काही विधवा, आणि पुढे केरळच्या घराघरांतून निघालेल्या पोरी. 1946 च्या भोर समितीच्या अहवालाप्रमाणे अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे 7,000 नर्स होत्या, म्हणजे 43,000 माणसांमागे एक. नर्सना किती वाईट स्थितीत राहावं आणि राबावं लागतं, यावरही त्या समितीनं कोरडे ओढले होते.

फौजेत मात्र 1943 मध्ये एक मोठी गोष्ट घडली. महायुद्ध चालू होतं, ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून जखमींची रांग लागली होती. इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा वटहुकूम निघाला आणि नर्स कमिशन्ड ऑफिसर झाल्या. फौजेत बायका अधिकारी झाल्या त्या 1992 पासून, असं आजही लोक ठासून सांगतात. त्यांनी ही तारीख लिहून ठेवावी. 1976 मध्ये भारतीय सैन्यातली पहिली महिला मेजर जनरल झाली, गर्ट्रूड ॲलिस राम. ती नर्सच होती.

खांद्यावर तारे आले. पण एक गोष्ट आली नाही, आणि ती मी इन्फन्ट्रीचा असल्यामुळे मला दिसते. ती म्हणजे पलटण.

आम्हा इन्फन्ट्रीवाल्यांची पलटण ही एकदा मिळाली की जन्माची. माझ्या कंपनीतला जवान गेला तर त्याच्या घरी पत्र मी लिहिणार. त्याच्याबरोबर गावापर्यंत त्याचा साथी जाणार. दर वर्षी रेझिंग डेला त्याचं नाव घेतलं जाणार, वीरनारीला बोलावलं जाणार. मंदिरात भजन, संध्याकाळी बडा खाना, आणि एक पेग पोटात गेला की कुणी तरी सुभेदार रडणार आणि बाकीचे त्याला रडू देणार. आम्ही याला कधी मानसिक आधार म्हटलं नाही, पण होता तो तोच. चर्चिलचे डॉक्टर लॉर्ड मोरान पहिल्या महायुद्धात एका पलटणीचे डॉक्टर होते. 1945 साली त्यांनी धैर्यावर एक पुस्तक लिहिलं. धैर्य म्हणजे बँकेतली शिल्लक, प्रत्येक माणसाची मर्यादित. सतत काढत राहिलात तर एक दिवस खातं रिकामं होतं, हे त्यांचं म्हणणं. आम्हा अधिकाऱ्यांना ते पटतं, जवानाला पुढच्या ठाण्यावरून मागे आणतो ते त्याच हिशेबानं.

आता त्या कॅप्टन सिस्टरचा विचार करा. त्या डोगरा पोराचा हात शेवटी तिच्या हातात होता. त्याच्या पलटणीच्या रेझिंग डेला तिला आमंत्रण नाही. पलटणीच्या इतिहासात तिचं नाव नाही. दोन-तीन वर्षांनी तिची पोस्टिंग येणार, एकटीची. नवं हॉस्पिटल, नवं होस्टेल, नवी मेट्रन. ती ज्यांच्याबरोबर त्या रात्री जागली, त्या दुसऱ्या कुठल्या तरी कोपऱ्यात पांगलेल्या. काढत राहायचं एवढंच तिच्या वाट्याला, भरणा कुठे करायचा ते कुणी सांगितलेलं नाही.

यावर खऱ्या अर्थानं पहिला अभ्यास झाला तो लंडनमध्ये, आणि त्याचं आमच्या फौजेशी एक गमतीदार नातं आहे. तुमच्यापैकी जे एसएसबीला जाऊन आले असतील त्यांना ग्रुप डिस्कशन आठवत असेल: आठ-दहा पोरं, कुणी पुढारी नेमलेला नाही, आणि परीक्षक कोपऱ्यात वही घेऊन गप्प. मी स्वतः त्यात दोनदा आपटलो, तिसऱ्यांदा निवडलो गेलो. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेसाठी ज्या मानसतज्ज्ञांनी बसवली त्यांत विल्फ्रेड बिऑन होते, आणि 1943 पासून ती हिंदुस्थानात आली. युद्धानंतर याच गोटातल्या मंडळींनी लंडनमध्ये टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट काढली. तिथे इझाबेल मेन्झीस नावाच्या बाई होत्या.

पन्नासच्या दशकात लंडनचं एक मोठं शिक्षण-रुग्णालय त्यांच्याकडे आलं. अडचण साधी होती: शिकाऊ नर्सच्या ड्यूट्या कशा लावाव्यात? सुमारे 700 नर्स, त्यांतल्या बहुसंख्य शिकाऊ, आणि त्यांतल्या एक तृतीयांश शिक्षण अर्धं टाकून निघून जात होत्या. मेन्झीसबाईंनी खोदलं तेव्हा ड्यूटी चार्टच्या खाली भीती निघाली. मरणाची, रक्ताची, आपल्या हातून चूक होऊन कुणी जाईल याची. आणि त्यांच्या ध्यानात आलं की हॉस्पिटलची सगळी शिस्त ही ती भीती नर्सला जाणवूच नये म्हणून रचलेली आहे. एका नर्सनं एका रोग्याचं सगळं करायचं नाही. एकीनं सगळ्यांचं तापमान घ्यायचं, दुसरीनं सगळ्यांचे बिछाने करायचे. रोग्याला नावानं हाक नाही. दहा नंबरचं लिव्हर, पंधरा नंबरचा न्यूमोनिया. वॉर्डवर जीव जडायला लागला की बदली. दर कामाची तपासणी, तपासणीची तपासणी. आणि कुणी रडलीच तर सांत्वन नाही, शिस्तीचा डोस.

1960 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचा निष्कर्ष मला एखाद्या लढाईच्या अहवालासारखा वाटतो. ही तटबंदी भीतीला बाहेर ठेवत नव्हती, आत कोंडत होती. वर तिनं नर्सकडून तिच्या कामातलं समाधानही हिरावून घेतलं होतं, कारण हा रोगी मी बरा केला असं म्हणायला तिला एकही रोगी पुरा मिळत नव्हता. ज्या पोरी सोडून गेल्या त्यांत चांगल्या, जीव लावणाऱ्या पोरी बऱ्याच होत्या.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. दहा नंबरचं लिव्हर! आमच्या आयसीयूतही आम्ही बेड नंबरच होतो. पण ती कॅप्टन त्या पोराला नावानं हाक मारायची. तटबंदीत तिनं स्वतःच खिंडार पाडलं होतं. त्याची किंमत तिनं स्टोअरमध्ये जाऊन मोजली. तिथे जायची मुभा तिला कुठल्या नियमानं दिली नव्हती. ती एका मेजरबाईनं खोट्या हुकुमाच्या आडून दिली होती.

म्हणजे बघा, व्यवस्था देत नाही तेव्हा नर्स एकमेकींना देतात. याचं सगळ्यांत मोठं उदाहरण मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात आहे. अरुणा शानबाग ही मूळची कर्नाटकातल्या हळदीपूरची, केईएममध्ये नर्स. 27 नोव्हेंबर 1973 रोजी रुग्णालयाच्या आवारातच एका सफाई कामगारानं तिच्यावर हल्ला केला. तिच्या मेंदूला जी इजा झाली त्यातून ती कधी उठली नाही. पुढची जवळजवळ 42 वर्षं, 18 मे 2015 रोजी ती जाईपर्यंत, ती त्याच रुग्णालयात होती. त्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या नर्स संपावर गेल्या होत्या, आम्हाला सुरक्षित जागा द्या म्हणून. पुढे एकदा तिला तिथून हलवायचा घाट घातला गेला तेव्हा नर्सनीच तो हाणून पाडला.

2011 मध्ये तिच्या दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयात निकालाला आली. त्या निकालामुळे देशाच्या कायद्यात काय बदललं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यातल्या दोन गोष्टी मात्र मागे पडल्या. एक, इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या त्या देहाला शय्याव्रण नाहीत, याची दखल न्यायालयानं कौतुकानं घेतली. ज्यानं घरात कुणाला सहा महिने जरी अंथरुणावर सांभाळलं असेल त्याला हे वाक्य म्हणजे काय ते कळेल: दर दोन तासांनी कूस बदलणं, दिवसा, रात्री, दिवाळीला, संपात, पुरात. दुसरी गोष्ट, अरुणाच्या वतीनं बोलायचा अधिकार कुणाचा? न्यायालय म्हणालं, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. तेच तिचे खरे निकटचे.

ती जिवंत राहावी की नको, यावर माझं मत मी इथे देणार नाही. चांगली माणसं दोन्ही बाजूंना होती. मला दिसते ती पलटण. 1973 मध्ये ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा मुली ड्यूटीवर येत होत्या आणि निवृत्त होणाऱ्या सिस्टर त्यांच्या हाती अरुणाला सोपवत होत्या, जशी एक बटालियन दुसरीला चौकी सोपवते. कुठल्याही सरकारी आदेशानं त्यांना एकत्र बांधलं नव्हतं. आपल्यातल्या एकीवर जे झालं ते आपल्यापैकी कुणावरही झालं असतं, हे त्यांना रोज त्या खोलीत दिसत होतं, आणि तरी त्या रोज जात होत्या.

बॉस्टनमध्ये केनेथ श्वार्ट्झ नावाचा एक वकील 1995 मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानं गेला. आजारपणात डॉक्टर-नर्सच्या मायेच्या शब्दानं आपल्याला कसं तारलं हे त्यानं लिहून ठेवलं. त्याच्या नावाच्या संस्थेनं पुढे रुग्णालयांत बैठका सुरू केल्या. डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय सगळे एकत्र बसतात आणि रोग्याच्या उपचारांवर नव्हे, तर त्या रोग्याचं करताना आपल्याला काय झालं यावर बोलतात. ब्रिटनमध्येही त्या चालतात. आमच्याकडे चकमकीनंतर डीब्रीफिंग होतं, त्याचाच हा भाऊ. खर्च म्हणाल तर एक खोली, एक तास आणि चहा.

आपण काय केलं? 3 मे 2020 रोजी आपल्या सैन्यदलांच्या हेलिकॉप्टरनी देशभरच्या रुग्णालयांवर फुलं टाकली. मी टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. त्याच महिन्यात कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतल्या मणिपूरच्या दीडशेहून अधिक नर्स नोकऱ्या सोडून आपल्या गावी निघून गेल्या. शेजारी-घरमालकांची वागणूक, पुरेशी साधनं नाहीत, पगाराच्या तक्रारी, अशी कारणं त्यांनी सांगितली होती.

आता माझी चूक. एका स्टेशनवर मी कर्नल असताना माझ्याकडे एक चौकशी आली. तिथल्या हॉस्पिटलातल्या एका नर्सिंग ऑफिसरविरुद्ध एका अधिकाऱ्याच्या पत्नीची तक्रार होती, की सिस्टर उद्धटपणे बोलली, वर तिच्या तोंडावर हसू नव्हतं. होय, हसू नव्हतं हे शब्दच तक्रारीत होते. मी अध्यक्ष, आणखी दोन सदस्य. साक्षी झाल्या. ती ऑफिसर माझ्यासमोर सावधान उभी राहून एवढंच म्हणाली, "माझी चूक झाली असेल, सर." ड्यूटी रजिस्टर टेबलावर होतं. मी ते उघडलं असतं तर दिसलं असतं की ती सलग सहावी रात्र होती आणि त्या रात्री तिच्या वॉर्डात दोन मृत्यू झाले होते. मी उघडलं नाही. पुढे कितीतरी महिन्यांनी, दुसऱ्याच कामासाठी ते रजिस्टर चाळताना मला ते दिसलं.

शिफारस मी लिहिली: 'काउन्सेलिंग'. मुलकी श्रोत्यांसाठी सांगतो, फौजेत काउन्सेलिंग म्हणजे कुणी तुमचं ऐकून घेणं नव्हे. फौजेत काउन्सेलिंग म्हणजे लेखी कानउघाडणी. तो कागद फाइलला लागतो.

निवृत्तीनंतर मी महूला स्थायिक झालो. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा हॉस्पिटलनं डिस्चार्जच्या वेळी एक फॉर्म हातात दिला. सिस्टर हसतमुख होत्या का? एक ते पाच गुण द्या. मी पेन घेऊन बसलो आणि मला ती चौकशी आठवली. फॉर्म कोराच राहिला. घरी आल्यावर कोर्समेटकरवी तिचा नंबर शोधला. तीही आता निवृत्त होऊन केरळात असते.

फोन केला. नाव सांगितलं, रँक सांगितली, स्टेशन सांगितलं. तिला मी आठवेना. तक्रार करणाऱ्या बाईही आठवेनात. कागदाचं म्हणाल तर ती म्हणाली, असे कागद येतात सर, जातात. मी माफी मागितली, तिनं ती घेतली की नाही ते कळलं नाही. मग मी विचारलं, त्या रात्री वॉर्डात कोण गेलं होतं? इथे ती थांबली. मग तिनं दोघांची नावं सांगितली. पलटणीसकट, बेड नंबरसकट. एक नागालँडचा होता, त्याची भाषा वॉर्डात कुणालाच येत नव्हती, तो रात्रभर काही तरी एकच वाक्य परत परत म्हणत होता आणि तिनं ते जसंच्या तसं पाठ करून ठेवलं होतं, कधी तरी कुणाला तरी अर्थ विचारीन म्हणून. तिनं ते मला फोनवर म्हणून दाखवलं. मलाही अर्थ कळला नाही. मग ती दुसऱ्याबद्दल सांगू लागली. मी मधे काही बोललो नाही. बायको जेवायला बोलावत होती, तिला हातानंच थांब म्हटलं.